दोनशे वीस डीलर, दोन दिवस: गोवा, महाबळेश्वर की तिसरंच काही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याची कंपनी, शेतीपंप आणि पाइपचा धंदा. २२० डीलरांची दोन दिवसांची वार्षिक मीट, प्रजासत्ताक दिनाला लागून. निम्म्याहून थोडे जास्त डीलर मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातले, बाकीचे पश्चिम महाराष्ट्रातले, वीसेक बेळगाव-विजापूरकडचे. एमडींना गोवा हवाय, सेल्स हेडना महाबळेश्वर, तुम्हाला स्वतःला लोणावळा सोपं वाटतंय. अकाउंट्सने प्रवासासकट माणशी पंधरा हजारांची रेघ मारून ठेवली आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, गोवा नकोच असेल तर साहेबांना ते सांगायचं कसं.

कुठे, कधी, किती आणि कितीत, हे सगळं तुम्ही लिहिलंत. मीट कशासाठी आहे ते मात्र प्रश्नात कुठेच नाही. सगळी गोची तिथेच आहे. नवी स्कीम समजावायची आहे, पंप खोलून दाखवायचा आहे, सर्व्हिसच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या आहेत, जमलं तर सीझनची ऑर्डर तिथेच बुक करायची आहे, तर तो एक कार्यक्रम. वर्षभर माल उचलला म्हणून डीलरला दोन दिवस मजा करू द्यायची आहे, तर तो दुसरा. एमडींच्या डोक्यात बहुधा दुसरा आहे आणि सेल्स हेडच्या डोक्यात पहिला, त्यामुळे दोघं गोवा आणि महाबळेश्वर या नावांवरून भांडताहेत. पहिला कार्यक्रम असेल तर हॉल, वेळ आणि ताजेतवाने डीलर लागतात. दुसरा असेल तर समुद्र लागतो. दोन्ही एकाच बजेटमध्ये उरकायला गेलं की स्कीम नीट कळत नाही आणि समुद्रही धड बघून होत नाही.

मी पुढे जे लिहितोय ते पहिला कार्यक्रम धरून. पंपाच्या कंपनीला वर्षातून एकदा सगळे डीलर एका हॉलमध्ये मिळतात, ते बीचवर पाठवायला बोलावत नसणार असं मी गृहीत धरतो. तसं नसेल तर माझं उत्तर बदलेल, तेही पुढे सांगतो.

आधी यादी

ठिकाणांच्या पीडीएफ बाजूला ठेवा. एक्सेल उघडा आणि २२० नावांपुढे तालुका, जवळचं रेल्वे स्टेशन आणि साधारण वय एवढे तीन कॉलम भरा. सेल्सच्या पोरांना हे तोंडपाठ असतं, एका दुपारचं काम आहे. मग सगळ्यात लांबचे वीस जण काढा. सरासरी अंतर बघू नका. लांबचा माणूस दमून आला, उशिरा आला किंवा आलाच नाही, तर त्या भागातला तुमचा सेल्समन वर्षभर त्याची समजूत काढत बसतो.

यवतमाळचा डीलर धरा. त्याला गोव्याला यायचं म्हणजे आधी नागपूर गाठायचं आणि विमान धरायचं, किंवा पुण्यापर्यंत येऊन पुढे साडेचारशे किलोमीटर रात्रीच्या बसने. कार्यक्रम बुधवार-गुरुवारी असेल तर तो मंगळवारी सकाळी घर सोडतो आणि शुक्रवारी रात्री परत दुकानात. दोन दिवसांच्या मीटसाठी चार दिवस शटर बंद, नाहीतर गल्ला पुतण्याच्या हाती. मनमाड, नगर, मिरज या पट्ट्यातल्या लोकांना निदान गोवा एक्सप्रेस तरी आहे. पण रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि थंडीत गोव्याकडच्या गाड्यांचं वेटिंग किती लवकर लांबतं ते तुम्हाला माहीत आहे. तारीख आणि ठिकाण त्याच्या आधी पक्कं झालं नाही तर ग्रुप तिकिटांचा विषय संपला.

तोच माणूस छत्रपती संभाजीनगरला यायचा असेल तर सकाळी निघून संध्याकाळी चहाला हजर. जळगाववाला चार तासांत. नांदेड-परभणीच्या लोकांना रेल्वे आहे. नागपूर-वर्ध्याकडचे समृद्धीवरून गाडी करून येतात, आणि चौघं मिळून आले तर तुम्ही दिलेल्या प्रवासभत्त्यात त्यांचं भागतं.

हॉलमधले तास मोजा

दोन दिवसांचा कार्यक्रम कागदावर सोळा तासांचा दिसतो. गोव्यात त्यातले किती हातात येतात ते बघू. पुण्याहून रात्री सुटलेल्या बस सकाळी सात-आठला पोचतात आणि खोल्या मिळतात दुपारी दोनला. दीडशे माणसं ब्रश हातात घेऊन लॉबीत बसलेली मी बघितली आहेत. हॉटेल आंघोळीसाठी चार-पाच खोल्या उघडून देतं आणि रांग लागते. साडेअकराला सुरू झालेलं पहिलं सत्र जेवणापर्यंत चालतं. जेवणानंतर चार वाजेस्तोवर लोक बसतात, मग मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होतात, कारण समुद्र खिडकीतून दिसतोय. त्यांना दोष देता येत नाही, आपणच नेऊन बसवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या रात्रीमुळे साडेदहाशिवाय हॉल भरत नाही, आणि अकराला चेकआउट म्हणून अर्धे लोक बॅग भरायला उठतात. हाती आले सहा, फार तर सात तास.

संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा कामाच्या शहरात हेच गणित दहा-अकरा तासांवर जातं. एक रात्र आधी बोलावलं तर बाराही होतात. माणशी खर्चाला या तासांनी भागून बघा. साहेबांपुढे न्यायचा आकडा तो आहे.

महाबळेश्वर आणि लोणावळा

महाबळेश्वराबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. चाळीस-पन्नास मॅनेजरांची मीट असेल तर मी स्वतः ते सुचवतो. थंड हवा, बाहेर जायला फार काही नाही, लोक एकत्र बसतात. पण २२० माणसं दोघांत एक खोली धरली तरी ११० खोल्या होतात, शिवाय तुमचा स्टाफ. वर एवढ्या खोल्या एका छताखाली मिळणं कठीण. तीन-चार हॉटेलांत लोक वाटायचे, सकाळी मिनीबसने गोळा करायचे, रात्री पोचवायचे. तेवढ्यात रोजचा तास-दीड तास गेला. त्यात पसरणी घाटात मोठ्या बस, आणि जानेवारी म्हणजे स्ट्रॉबेरीचा सीझन. लाँग वीकेंडला वेण्णा लेकच्या आसपास गाडी सरकत नाही.

खोल्यांचं निघालंच आहे तर एक गोष्ट लिहून घ्या, कारण ती कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. हॉटेलला नुसतं ‘खोल्या किती’ विचारू नका, ‘दोन वेगळे पलंग असलेल्या किती’ असं विचारा. पर्यटनाच्या गावांतली हॉटेलं जोडप्यांसाठी बांधलेली असतात, निम्म्या खोल्यांत एकच मोठा पलंग असतो. एका मीटला रात्री अकराला परभणीचा एक डीलर रिसेप्शनवर येऊन उभा राहिला. साठीचे गृहस्थ, अगदी शांत. म्हणाले, "साहेब, मी यांना आज जेवताना पहिल्यांदा भेटलो. एका पलंगावर कसं झोपायचं?" सोबत सांगलीचे डीलर, तेही अवघडलेले. हॉटेलकडे जादा गाद्या होत्या त्या आधीच संपल्या होत्या. त्या मीटमधला नव्या पंपाचा डेमो कुणाला आठवत नाही, ही गोष्ट मात्र डीलर अजून सांगतात.

लोणावळ्याला हॉल आहेत, मोठी हॉटेलं आहेत, अडचण तेवढी नाही. पण ते सोपं आहे पुण्या-मुंबईच्या माणसाला. नांदेडच्या डीलरसाठी लोणावळा म्हणजे पुणं, आणि वर आणखी पासष्ट किलोमीटर. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर काय होतं ते तुम्ही नेहमी ऐकता. आणि तुमचा स्वतःचा स्टाफ रात्री ‘घरी जाऊन येतो’ म्हणून सटकतो, तो दुसऱ्या दिवशी दहाला उगवतो. यादीत मुंबई, ठाणे, रायगड, पुणे असे डीलर बहुसंख्य असते तर मी लोणावळ्यालाच हो म्हटलं असतं.

माझं मत

तुमच्या यादीला मी संभाजीनगर धरेन, नाशिक दुसऱ्या क्रमांकावर. संभाजीनगरला शंभराच्या वर खोल्यांची हॉटेलं मोजकीच आहेत, म्हणून लवकर हलावं लागेल. औद्योगिक शहर असल्याने तिथल्या हॉटेलांना कंपनीच्या मीटची सवय आहे. एलईडी वॉल, साउंड, जनरेटरवाले सगळे गावात मिळतात, पुण्याहून ट्रक भरून न्यावे लागत नाहीत. डेमोसाठी पंप आणि पाइप न्यायचे तर तुमच्या डेपोतून टेंपो निघेल. दुसऱ्या दिवशी दुपारी वेरूळ करता येतं, तीसेक किलोमीटरवर आहे. फक्त वार सांभाळा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठा शंभर किलोमीटर लांब, दोन दिवसांच्या मीटमध्ये त्याच्या नादी लागू नका. घृष्णेश्वर वेरूळला लागूनच आहे, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याअधिक डीलरांना लेण्यांपेक्षा ज्योतिर्लिंगाचं दर्शन घडलं याचंच समाधान जास्त असतं. घरी गेल्यावर सांगायला ते बरं पडतं.

कच्चा दुवा दक्षिणेकडचा. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या लोकांना साडेचारशेच्या पुढे किलोमीटर पडतात. त्यांच्यासाठी आदल्या दिवशी कोल्हापुरातून कंपनीची स्लीपर बस काढा, वाटेत कराड-साताऱ्याचे चढतील, आणि त्यांना एक रात्र आधीची खोली द्या. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा, नंतर ‘जादा’ म्हणून दाखवायला गेलात तर अकाउंट्स कापतील. यादी उलटी असती, म्हणजे निम्मे लोक कोल्हापूर-सांगली-बेळगावचे असते, तर मी संभाजीनगरचं नावही घेतलं नसतं. कोल्हापूर म्हटलं असतं, कदाचित गोवासुद्धा, कारण तिथून गोवा आपल्या पुण्याइतकाच जवळ पडतो.

नाशिकला हॉटेलं चांगली, द्राक्षमळे, वाइनरी, सगळं आहे. तुमच्या धंद्यालाही जवळचं, ठिबक आणि पाइप तिथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाहीत. पण २०२६-२७ हा सिंहस्थाचा काळ आहे. २०२७ च्या पावसाळ्यात, अमृतस्नानांच्या आसपास, नाशिक-त्र्यंबकला मीट ठेवायचा विचारही करू नका. त्याआधीही रस्त्यांची कामं आणि हॉटेलचे दर विचारूनच पुढे जा. शिर्डीही बरेच जण सुचवतात: विमानतळ आहे, समृद्धी आहे, खोल्या मुबलक. सपत्नीक मीट असेल तर शिर्डीसारखं ठिकाण नाही. पुरुष डीलरांची मीट असेल तर लोक दर्शनाच्या वेळेप्रमाणे उठतात-बसतात आणि रात्रीच्या पार्टीचं नाव काढता येत नाही. काही कंपन्या नेमक्या त्याच कारणासाठी शिर्डी निवडतात, तेही मी पाहिलंय.

तारीख बदला

ठिकाणापेक्षा मला तुमच्या तारखेची जास्त काळजी वाटते. २६ जानेवारी महाराष्ट्रात ड्राय डे. त्याला लागून सुट्टी आली की सगळ्या हॉटेलांत कुटुंबं भरलेली आणि दर चढलेले. शिवाय पौष संपत आला की लग्नांची गर्दी सुरू होते, आणि हॉटेलला तुमच्या मीटपेक्षा लग्न केव्हाही परवडतं. एक अनुभव सांगतो, हॉटेलचं नाव नको. आदल्या रात्री त्याच हॉलमध्ये रिसेप्शन होतं. करारात ‘हॉल सकाळी सहाला ताब्यात’ लिहिलेलं होतं, आणि तो मिळालाही सहाला. फक्त छताला फुलांच्या माळा होत्या, गालिच्यावर आइस्क्रीम होतं, आणि आमचा एलईडीवाला बाहेर टेंपोत झोपलेला. नऊला सुरू करायची मीट सव्वाअकराला सुरू झाली. म्हणून करारात ‘रिकामा आणि झाडलेला हॉल, आदल्या दिवशी दुपारी चारपासून’ असं लिहून घ्या आणि त्या रात्रीचं भाडं खुशाल मोजा.

माझ्या मते तुम्ही जानेवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा घ्यावा. पौषात आपल्याकडे लग्नं कमी, त्यामुळे हॉल मोकळे आणि दर बोलण्यासारखे असतात. संक्रांत आणि भोगी टाळा. वार बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवार डीलरला सोयीचे वाटतात, पण हॉटेलचे दर त्याच दोन दिवसांत वर जातात. पुढच्या वर्षांसाठी लक्षात ठेवा: अधिक महिन्यात लग्नं नसतात, २०२६ चा अधिक ज्येष्ठ ऐन मे-जूनमध्ये आला, अशा महिन्यात एरवी हाती न लागणारे हॉल मोकळे मिळू शकतात. पितृपक्षाचंही तेच, पण त्यात नवी स्कीम जाहीर करायला काही डीलर नाक मुरडतात, तेव्हा आधी दोन-चार जुन्या डीलरांना विचारून बघा. श्रावणात निम्मं मांसाहारी जेवण वाया जातं. आणि कुठलीही तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडरवर चतुर्थी आणि एकादशी बघा, म्हणजे साबुदाणा आणि भगरीचा वेगळा काउंटर आधीच सांगता येतो.

कराचं गणित

याकडे प्रशासनातले लोक दुर्लक्ष करतात आणि मार्चमध्ये ओरडा होतो. हॉटेलच्या खोलीचा जीएसटी हॉटेल ज्या राज्यात असेल त्या राज्याचा लागतो. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल आणि गोव्याच्या हॉटेलने थेट तुम्हाला बिल दिलं, तर त्यावर गोव्याचा कर लागतो आणि त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, तुम्हाला इथे घेता येत नाही. आकडा मांडून बघा. रात्रीचे ८००० रुपये, ११० खोल्या, २ रात्री: १७ लाख ६० हजार. ७५०० च्या वरच्या खोलीला १८ टक्के, म्हणजे ३ लाख १६ हजार ८००. माणशी १४४० रुपये, तुमच्या पंधरा हजारांतला जवळजवळ दहावा हिस्सा, सरळ पाण्यात. महाराष्ट्रातल्या हॉटेलात हेच क्रेडिट मिळू शकतं, आणि दर ७५०० च्या आत बसला तर मुळात करच ५ टक्के. जेवणावरचं क्रेडिट बहुतेक वेळा कुठेच मिळत नाही, तो भाग सोडा. गोव्यातच करायचं असेल तर इव्हेंट कंपनीकडून संपूर्ण आयोजनाचं बिल घेण्याचा मार्ग आहे. तिथे नोंदणीकृत ग्राहकाचं राज्य धरलं जातं. पण बिल कसं असावं हे तुमच्या सीएला विचारूनच ठरवा, कोटेशन घेण्याआधी.

दुसरा विषय टीडीएसचा. १ जुलै २०२२ पासून, धंद्यातल्या माणसाला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभ दिला तर १० टक्के टीडीएस, ही प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १९४आर ची तरतूद आली. मालाची माहिती, विक्रीचं तंत्र, तक्रारी, हिशोब जुळवणं यासाठी भरवलेली डीलर परिषद त्यातून सुटते. टार्गेट पूर्ण केलेल्यांना बक्षीस म्हणून नेलं, फिरायला नेलं, बायकामुलांचा खर्च केला, किंवा कार्यक्रमाच्या आदल्या-नंतरच्या एका दिवसापलीकडे मुक्काम वाढवला, तर तो भाग लाभ धरला जातो. आता नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून सीएशी बोलताना नंबरावर अडून राहू नका. माझा मुद्दा एवढाच, की सहा तास हॉल आणि बाकी बीच असा गोव्याचा कार्यक्रम ‘परिषद’ म्हणून दाखवणं अवघड जातं. संभाजीनगरच्या कार्यक्रमपत्रिकेत दहा-अकरा तासांची सत्रं दिसतात, तिथे हा वाद निघण्याचं कारण कमी.

हॉटेल बघायला जाल तेव्हा

सेल्सवाल्याबरोबर कॉफी पिऊन परत येऊ नका. बँक्वेट मॅनेजर आणि शेफला भेटा, काम ते करणार आहेत. हॉलची ‘तीनशे’ क्षमता ही नुसत्या खुर्च्या लावल्या तरची असते, माणशी आठ-दहा चौरस फुटांच्या हिशोबाने. तुम्हाला गोल टेबलं हवीत, कारण डीलर वहीत आकडे लिहिणार. तिथे माणशी पंधरा ते अठरा फूट धरा. २२० जणांना चार हजार चौरस फूट, त्यात स्टेज, एलईडी, साउंडचं टेबल आणि पंपांचे स्टॉल मिळवले की पाच हजारांच्या खाली जाऊ नका. मधले खांब मोजा. छताची उंची विचारा. बारा फुटांच्या आत असेल तर मागच्या टेबलांना पडद्याचा खालचा भाग दिसत नाही, आणि स्कीमचे आकडे नेमके तिथेच असतात. सामान कुठल्या दारातून येतं ते चालून बघा, कारण पंपाचा कटआउट पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही. हॉलमध्ये उभं राहून फोनची रेंज बघा. ऑर्डर ॲपवर घेणार असाल तर हे फारच महत्त्वाचं.

पहिल्या दिवशीचा पुरस्कार सोहळा लॉनवर ठेवायचा मोह होईल. ठेवा, पण उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. हा नियम २००० सालापासून देशभर आहे. नाच-गाणं पुढे चालवायचं तर बंद हॉल लागतो, म्हणजे पावणेदहाला २२० माणसं आत हलवायची. त्यापेक्षा पुरस्कार साडेसहालाच सुरू करा. गाण्यांच्या परवान्याचे पैसे कोण भरणार तेही हॉटेलशी लेखी ठरवा, ऐन संध्याकाळी ते कागद पुढे करतात.

आणि जेवण. पंचतारांकित बुफेतल्या पास्त्याची रांग रिकामी असते आणि दालफ्रायची संपते, हे दर मीटला दिसतं. शेफला सरळ सांगा: एक काउंटर भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत. तवा समोर ठेवून भाकरी करणारी बाई बसवली तर त्या रात्रीची सगळ्यात मोठी रांग तिथे लागते. जैन जेवणाची भांडी वेगळी आहेत का ते डोळ्यांनी बघा.

गोव्याचं काय

गोवा रद्द करू नका, लहान करा. टार्गेटवर पहिले आलेले चाळीस डीलर निवडा आणि त्यांना सपत्नीक गोव्याला न्या, वेगळ्या बजेटमधून, मीटचं नाव न देता. तो लाभच आहे, तेव्हा टीडीएस आधीच धरा, आणि कर डीलरने भरायचा की कंपनीने सोसायचा ते घोषणेतच लिहा. संभाजीनगरच्या पुरस्कार रात्री पुढच्या वर्षीची गोवा स्कीम जाहीर करता येते, आणि हॉलमधले उरलेले १८० जण ती कान देऊन ऐकतात. चाळीस जोडप्यांना चाळीस खोल्या, तिथे एकच मोठा पलंग असला तरी बिघडत नाही.

गोव्यात हॉटेल आणि विमानतळाची जोडी मात्र जुळवा. जानेवारी २०२३ पासून मोपाचं विमानतळ सुरू आहे, ते पेडणे तालुक्यात, उत्तर टोकाला. दाबोळी मध्यावर, दक्षिणेला सोयीचं. मोरजी-हरमलकडचं हॉटेल असेल तर मोपा, कोळवा-बाणावली-केळशीकडचं असेल तर दाबोळी. स्वस्त तिकीट म्हणून मोपाला उतरवून दक्षिणेच्या टोकाला नेलं तर लोकांचे दीड-दोन तास बसमध्येच जातात. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, नाताळ ते नवं वर्ष दर विचारूच नका. डीलरांच्या सहलीला मी फेब्रुवारीचा मधला आठवडा किंवा पावसाळा ओसरल्यावरचा ऑक्टोबर धरतो.

राहिला साहेबांचा प्रश्न. त्यांच्याकडे ‘गोवा नको’ म्हणून जाऊ नका. एक कागद न्या, तीन रकाने. पहिल्या दोघांवर ठिकाणांची नावं, खाली पाच ओळी: लांबच्या वीस डीलरांचे दुकान बंद राहण्याचे दिवस, हॉलमध्ये मिळणारे तास, एका छताखाली किती खोल्या, बुडणारा जीएसटी, माणशी एकूण खर्च. तिसऱ्या रकान्यात चाळीस जणांचा गोवा, त्याचं वेगळं बजेट. मग गप्प बसा आणि त्यांना वाचू द्या. विदर्भाचा सेल्स मॅनेजर त्या वेळी खोलीत असेल असं बघा. यवतमाळहून गोव्याला कोण किती वाजता निघेल हे साहेब त्यालाच विचारतील.